वेगळी प्लेट

मला एका जागी बसवत नाही. दुकानाच्या गादीवर बसलो तरी उजवा पाय हलत असतो, आणि माझी मोठी बहीण त्यावरून लहानपणापासून मला टोकते. बायको गेली तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. बहीण त्याच्याही आधी विधवा होऊन तुमसरला आमच्याकडे परत आली होती. मुलीला तिनंच वाढवलं. मी कमवायचं आणि तिनं ठरवायचं, अशी आमच्या घरातली वाटणी आहे. मी तिला बाई म्हणतो, मुलगी आत्या म्हणते. बाजारात लोक मला विचारतात, "बाई काय म्हणते?" मी काय म्हणतो ते कोणी विचारत नाही.

मुलगी नागपूरला नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा तिनं सांगितलं की तिच्या ऑफिसातल्या एका मुलाशी तिला लग्न करायचं आहे. मुलगा बपेऱ्याचा. घर बौद्ध. वडील धानाची शेती करतात, आई शाळेत शिकवते. आम्ही विणकरांच्या घरातले; माझ्या आजोबांपर्यंत हातमाग होता, आता कापडाचं दुकान आहे. मुलगी एवढं सगळं एका दमात बोलली आणि पुढं म्हणाली, "आत्याला नको असेल तर मी करणार नाही. त्याच्या आईला नको असेल तर तो करणार नाही. तुम्हा दोघा बापांना आम्ही धरूनच चाललोय."

मला धरून चालल्याचा रागच आला. पण माझा खरंच विरोध नव्हता. जात पाहून कापड विकायचं म्हटलं असतं तर मी केव्हाच उपाशी मेलो असतो. धाकधूक होती ती बाजाराची. लोक तोंडावर काही बोलत नाहीत. शटर ओढताना बोलतात, आणि ते बरोबर ऐकू येतं. बाईनं मात्र होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "पाहू," एवढंच म्हणाली. त्या "पाहू"नं माझं डोकं उठलं. सकाळी चहा देताना विचारावं तर पाहू, रात्री जेवताना विचारावं तर पाहू. भांडली असती तर भांडण तरी करता आलं असतं.

मग दोन्ही घरांनी एकदा भेटायचं ठरलं. आमच्या घरी बोलावलं तर मुलाच्या आईला अवघड, त्यांच्याकडे गेलो तर बाईला अवघड. तुमसरच्या हॉटेलात बसलो असतो तर आम्ही पाणी पिऊन उठायच्या आत धानाच्या बाजारात बातमी पोचली असती. मुलीनं तोड काढली. तिच्या वर्गातला एक मुलगा जहाजावर स्वयंपाकी होता, एका ग्रीक आचाऱ्याच्या हाताखाली. तो परत आला आणि लाखनीच्या अलीकडे हायवेवर त्याच्या बापाचा ढाबा होता, त्याच्या अर्ध्या भागात त्यानं ग्रीक हॉटेल काढलं. शनिवारी संध्याकाळी तिथं गाणंबजावणंही असतं.

"ग्रीक कायले?" बाईनं विचारलं.

"आत्या, तिथं सगळं मधोमध ठेवतात. प्रत्येकाचं वेगळं मागवलं की जो तो आपल्या ताटात पाहत बसतो. एकातलं खाल्लं की बोलणं निघतं."

बाई म्हणाली, "पाहू."

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बाई कोणाचं उष्टं खात नाही. तिचं ताट वेगळं, पेला वेगळा, आणि तो पेला मी चुकून तोंडाला लावला तर घासून उन्हात ठेवते. लग्नानंतर नवऱ्याच्या ताटात जेवायची रीत होती त्यांच्यात, तर पहिल्याच दिवशी हिनं नाही म्हटलं आणि सासूनं वर्षभर अबोला धरला. पंगतीत भाजीच्या भांड्याला वाढणाऱ्याचा हात लागलेला दिसला की ती भाजी हिला नको. मुलीला हे माहीत होतं. तिनं हॉटेलवाल्याला फोन करून सांगितलंही होतं की प्रत्येक वाटीत चमचा ठेव. आणि आपलं काम झालं, असं तिला वाटलं.

शनिवारी दुपारीच मी दुकान बंद केलं आणि बाईला आणि मुलीला घेऊन निघालो. भंडाऱ्याच्या पुढं हायवेला ट्रकची रांग लागली होती. मी दोनदा खिडकीतून डोकं काढून पाहिलं, तीनदा हॉर्न वाजवला. "तू हॉर्न वाजवून ते ट्रक उडून जाऊन राहिले का?" बाई मागून म्हणाली. तिनं आंधळगावची जांभळी साडी नेसली होती, काठ नीट चापून बसवलेला. ही साडी ती उगाच नेसत नाही. त्याचा अर्थ चांगला की वाईट, हे मी लाखनीपर्यंत ठरवत बसलो आणि काही ठरलं नाही.

ढाब्याचा एक भाग जुनाच होता. खाटा, दाल तडका, लुंगीवरचे ड्रायव्हर. मधे बांबूची ताटी, आणि ताटीच्या पलीकडं भिंती पांढऱ्या, खुर्च्या निळ्या. मुलाचे आईवडील आमच्या आधी पोचले होते. आई उभी राहिली. काठपदराची साधी साडी, खांद्याला पर्स, चष्मा. तिनं हात जोडले, "जय भीम, नमस्कार." बाईनंही हात जोडले. वडील तब्येतीनं आडवे, हसरे, आणि त्यांचं लक्ष आमच्याकडं कमी आणि वाजवणाऱ्यांकडं जास्त. मुलगा उंच, बारीक, घाबरलेला. तो बाईच्या पाया पडला तेव्हा त्याचा चष्मा तिच्या पायाशी पडला. बाईनंच उचलून दिला.

हॉटेलवाल्यानं आम्हाला मान म्हणून बँडच्या अगदी शेजारचं टेबल दिलं. बँड म्हणजे लाखनीच्याच वरातीतले लोक: एक क्लॅरिनेट, एक ढोलक, आणि झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवणारे एक म्हातारे गृहस्थ. मोबाइलवर ऐकून ऐकून त्यांनी ग्रीक चाली बसवल्या होत्या. ढोलक लागली की त्या चाली निम्म्या आपल्याच वाटायच्या.

मग जेवण आलं. एक मोठी लाकडी फळी, तिच्यावर वाट्या. दह्यात काकडी आणि लसूण घातलेलं. म्हणजे कोशिंबीरच, पण घट्ट. भाजलेल्या वांग्याचं भरतासारखं काही. मिठाच्या पाण्यात मुरवलेलं पनीर, तेलात बुडवलेलं. काळी आंबट फळं. पालक भरलेल्या खुसखुशीत वड्या. आणि मऊ, जाड रोट्यांची चवड. प्लेट एकही नाही. चमचाही नाही. हॉटेलवाला कौतुकानं म्हणाला, "काका, जहाजावर आम्ही असंच खायचो. रोटी तोडायची, वाटीत बुडवायची. प्लेट घेतली की मजा गेली." मुलीनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्याला ते दिसलं असतं तर तो पळूनच गेला असता. पण तो बँडवाल्यांना खूण करत होता.

मुलाच्या आईनं सगळ्यात आधी हात पुढं केला. रोटी तोडली, दह्यात बुडवली, खाल्ली. मग चव आवडली म्हणून उरलेला तुकडा परत बुडवला. अगदी सहज. हॉटेलवाल्यानं सांगितलं होतं तसंच तर ती करत होती.

बाईनं ते पाहिलं, आणि वाढणाऱ्या मिशीवाल्या माणसाला वळून म्हणाली, "भाऊ, मले येगळी पलेट आणून दे. मी असं एकातलं खात नाही."

मुलाच्या आईचा हात वाटीवरच थांबला. तिनं तो हळूच मागं घेतला, रुमालाला पुसला आणि मांडीवर ठेवला. मुलानं डोळे मिटले. मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. आमच्या घरात वेगळी प्लेट म्हणजे बाईचा हट्ट. त्यांच्या घरात वेगळी प्लेट म्हणजे काय, हे या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला कोणी समजावून सांगायला लागत नाही. एकट्या बाईला ते दिसलं नव्हतं. ती आपली पदर सावरून प्लेटची वाट पाहत बसली.

मी तोंड उघडलं, "वहिनी, तसं नाही—" आणि त्याच क्षणी बँड सुरू झाला.

चाल संथ होती. क्लॅरिनेट दोन सूर घेऊन थांबायचं, परत दोन सूर. पण आवाज असा की माझाच शब्द मला ऐकू येईना. मी टेबलावर ओणवा होऊन ओरडलो, "सवय आहे तिची!" मुलाच्या आईनं कानाला हात लावून मान हलवली, ऐकू येत नाही अशी. किंवा ऐकायचं नाही अशी. मी मुलीकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती फळीवरच्या काळ्या फळांकडं पाहत होती. मी खिशातून मोबाइल काढला, त्यावर लिहावं आणि दाखवावं असं ठरवलं, पण माझी बोटं जाड आणि चष्मा गाडीत. पाय टेबलाच्या पायावर असा आपटत होता की वाट्या हलू लागल्या.

शेवटी मी उठलो. बँड थांबवायचा म्हणून हात वर करून क्लॅरिनेटवाल्याकडं गेलो. आता वरातीत वाजवणाऱ्या माणसाकडं हात वर करून कोण येतं? नाचणारा येतो. त्यानं मान डोलावली, डोळे मिटले आणि चाल वाढवली. मी दोन्ही हातांनी बस, बस म्हणून खुणावलं. त्यानं आणखी वाढवली. घाम पुसायला मी खिशातून रुमाल काढला, तो त्याला नोट वाटली असावी. तो माझ्या तोंडासमोर येऊन वाजवू लागला. ढोलकवाला उभा राहिला. आणि मुलाचे वडील, ज्यांचा कान सगळा वेळ बँडकडं होता आणि ज्यांना प्लेटची भानगड कळलीच नव्हती, ते आनंदानं उठले, माझ्यासमोर आले, खांदे उडवले आणि नाचू लागले.

मी काय करणार? व्याह्यासमोर, अजून न झालेल्या व्याह्यासमोर, लाकडासारखं उभं राहायचं? मी दोन पावलं नाचलो. ताटीच्या पलीकडून ड्रायव्हर डोकावून पाहू लागले. त्या माणसाचा चेहरा इतका निर्मळ होता की मला रडू यायचं बाकी राहिलं. त्यांच्या पाठीमागं टेबलावर तिघी बायका आणि एक मुलगा पुतळ्यासारखे बसले होते, आणि आम्ही दोघे नाचत होतो. इतका वाईट नाच मी आयुष्यात नाचलो नाही.

एकदाची चाल संपली. मिशीवाला माणूस एक प्लेट घेऊन आला, बाईसमोर ठेवली आणि विचारलं, "अजून कोणाले पाह्यजे?"

"आमाले द्या," मुलाची आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "ताईंले मधातून खाऊ द्या. येगळं आमचं करा. आमाले सवय आहे. माझी माय धानाच्या रोवणीले जाये ना, तं त्या घरी तिचा कप गोठ्यात टांगून राहे. मले वाटलं, आता लेकरं शिकले, नागपूरले गेले, तं कप गोठ्यातून निंघाला असन."

आता कुठं बाईला दिसलं. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहत होतो. ती आधी गोंधळली, मग तिनं आपल्यासमोरच्या प्लेटकडं पाहिलं, मग त्या वाटीकडं, आणि तिचं तोंड उतरलं. "अवं बाई," ती म्हणाली, "तसं नाही वं. मी कोणाचंच उष्टं खात नाही. नवऱ्याचं नाही खाल्लं. याले इचारा."

"हो जी, खरं आहे," मी घाईनं म्हणालो. "तिचा पेलाही—"

"सगळे असंच सांगतात, भाऊ," मुलाची आई म्हणाली. आणि सगळे खरंच असंच सांगतात.

ती बाईकडं वळली. "कोणाचंच नाही?"

दुसरी कोणी असती तर पटकन नाही म्हणाली असती. बाई विचार करत बसली. मला वाटलं, बोल काहीतरी, लवकर बोल. "हिचं खाल्लं," ती शेवटी म्हणाली आणि माझ्या मुलीकडं बोट केलं. "दोन वर्षांची होती तवापासून. अर्धं खाये आन् अर्धं टाके. आजही टाकते. पण लेकराचं काय उष्टं राह्यते?"

"नाही राहत," मुलाची आई म्हणाली. तेवढंच. मोकळी झाली असं नाही, पण चष्मा काढून तिनं पदरानं पुसला.

तेवढ्यात प्लेट हा शब्द कानावर पडल्यामुळं हॉटेलवाला धावत आला आणि त्यानं बाकीच्या पाच जणांसमोर पाच प्लेटा मांडल्या. "सॉरी हं, सॉरी," म्हणत चमचेही वाटले. आता सगळ्यांचंच वेगळं झालं होतं. सगळे आपापल्या प्लेटमध्ये पाहत जेवू लागलो. मुलीला जे नको होतं, नेमकं तेच.

मुलाचे वडील बोलत राहिले, देव त्यांचं भलं करो. यंदा तलावाला पाणी किती, बपेऱ्याकडं रानडुकरं कशी उतरतात, ऑर्गनवाल्या म्हाताऱ्याला त्यांनी कोणत्या नाटकात ऐकलं होतं. बाई हळूहळू त्यांना उत्तरं देऊ लागली. तिलाही नाटकं आवडतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडईच्या जत्रा भरतात, तेव्हा रात्र रात्र बसते. बँडनं दुसरी चाल लावली, यावेळी हळू. मी घड्याळ पाहिलं, फाटकाकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं. तिनं आवाज न करता नुसते ओठ हलवले: संपलं, बाबा. तिनं अर्धी पालकाची वडी बाजूला सारली आणि पर्स उचलून मांडीवर घेतली. मुलानं तर रोटीचा एकच घास चावून घेतला होता. बाकीची रोटी वांग्याच्या भरतात माखून तशीच पडली होती. माझ्या मनात आलं, आता घरी जायचं, आणि ही पोरगी आयुष्यभर मला काही बोलणार नाही, आत्यालाही काही बोलणार नाही, फक्त सणाला यायची तीही हळूहळू यायची नाही. एवढं स्पष्ट मला कधी काही दिसलं नव्हतं.

मिशीवाला माणूस प्लेटा उचलायला आला. मुलीची प्लेट उचलणार तोच बाईनं त्याचा हात अडवला. "थांबा जी, अन्न काहून टाकता?" ती मुलाच्या वडिलांना त्या वेळी विचारत होती की बपेऱ्याला यंदा दंडारीचा खेळ करायला कोणाची मंडळी येणार आहे. विचारता विचारता तिनं मुलीच्या प्लेटमधली अर्धी वडी उचलली आणि तोंडात टाकली, घरी रोज टाकते तशी. वडिलांनी दंडारीबद्दल सांगायला सुरुवात केली. बाई हं, हं करत ऐकत होती. तिचा हात पुढं गेला, मुलाच्या प्लेटमधली चावलेली रोटी उचलली, वांगं पुसून घेतलं, आणि खाल्ली.

माझा पाय थांबला. मुलीनं मांडीवरची पर्स घट्ट धरली. मुलगा काही बोलणार होता, पण त्याच्या आईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती बाईकडं पाहत होती. बाईला आपण काय केलं ते कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर ती पाहू म्हणाली असती. ती चावत होती आणि दंडारीचं ऐकत होती.

"कोरडी लागन, ताई," मुलाची आई म्हणाली आणि दह्याची वाटी तिच्याकडं सरकवली. "हे घ्या संगं."

बाईनं वाटीत रोटी बुडवली नाही. चमच्यानं दही घेतलं, आपल्या प्लेटमध्ये वाढलं आणि मग खाल्लं. मुलाच्या आईनं तेही पाहिलं. यावेळी ती किंचित हसली.

निघताना गाडीपाशी मुलाची आई माझ्याजवळ आली. मुलगी आणि मुलगा थोडं दूर उभे होते. "भाऊ, मी अजून हो म्हटलं नाही," ती म्हणाली.

"नाही जी."

"आज एक दिवस पाहिलं. रोजचं पाहाचं राहिलं. आधी बपेऱ्याले या, ताईंले घेऊन. त्यांची पलेट मी येगळीच मांडीन."

मी हो म्हणायच्या आत बाईनं गाडीच्या खिडकीची काच खाली केली.

"आन् पोराची माझ्या बाजूले मांडा," ती म्हणाली. "तो अर्धं टाकते."